वनस्पतिजन्य अल्कलॉइडे

वनस्पतिजन्य अल्कलॉइडे ही वनस्पतींत तयार होणारी, रेणूत किमान एक नायट्रोजन अणू असलेली व बहुधा अल्कधर्मी अशी कार्बनी संयुगे होत. त्यांची चव बहुतकरून कडू असते आणि अत्यल्प मात्रेतही ती मानवी शरीरावर तीव्र परिणाम घडवितात. चहा-कॉफीतील कॅफीन, तंबाखूतील निकोटीन, अफूतील मॉर्फीन आणि सिंकोनाच्या सालीतील क्विनीन ही सर्वपरिचित उदाहरणे आहेत. ‘अल्कलॉइड’ ही संज्ञा जर्मन औषधनिर्माते कार्ल माइस्नर यांनी १८१९ साली प्रथम वापरली. कोकणातील रानात व परसात अशा अनेक वनस्पती आढळतात. त्यांपैकी बहुतेक औषधी म्हणून परिचित असून त्यांतील काही प्राणघातकही आहेत.

स्वरूप

प्राण्यांनी व किडींनी खाऊ नये म्हणून वनस्पतींना अल्कलॉइडांचा उपयोग होतो, असे मानले जाते. साल, मूळ, कंद, बी किंवा पान यांपैकी कोणत्या भागात त्यांचे प्रमाण अधिक असेल, हे जातीनुसार ठरते. एकाच जातीतही झाडाचे वय, ऋतू व जमीन यांनुसार हे प्रमाण बदलते. त्यामुळे पाने वा बिया मोजून घेतल्या, तरी पोटात गेलेल्या अल्कलॉइडाची मात्रा निश्चित सांगता येत नाही.

शरीरावरील परिणामांची रीत

पेशींच्या पृष्ठभागावर ‘ग्राही’ नावाची प्रथिने असतात. शरीरातील संदेशवाहक रसायने त्यांना जोडली जाऊन पेशींना संदेश मिळतो. अनेक अल्कलॉइडांच्या रेणूंची ठेवण या रसायनांसारखी असते, म्हणून ती ग्राहींना चिकटून खरा संदेश अडवितात किंवा खोटा संदेश देतात. कॅफीन हे ॲडिनोसिनचे ग्राही अडवून झोप दूर ठेवते. ॲट्रोपीन हे ॲसिटिलकोलीनचे कार्य रोखते. कॉल्चिसीनसारखी अल्कलॉइडे पेशीतील सूक्ष्मनलिकांची जुळणी थांबवून पेशीविभाजन बंद पाडतात. औषधी गुण आणि विषारीपणा हे दोन्ही एकाच क्रियेतून उद्भवतात. त्यांतील फरक मुख्यतः मात्रेचा असतो.

कोकणातील काही वनस्पती

कुडा : कोकणातील पानझडी जंगलात आढळणारा लहान वृक्ष. याच्या सालीत व बियांत कोनेसीन हे अल्कलॉइड असते. संस्कृतात कुटज म्हणून प्रसिद्ध असलेली ही साल अतिसार व आमांश यांवर वापरतात. कुटजारिष्ट व कुटजघनवटी ही तिची परिचित औषधे होत. बियांना इंद्रजव म्हणतात. कोकणात कुड्याच्या फुलांची व कोवळ्या शेंगांची भाजीही करतात. काळा कुडा हा दिसायला याच्यासारखा, पण वेगळ्या प्रजातीचा वृक्ष आहे. त्याच्या सालीची कुटजात भेसळ होत असल्याने साल विकत घेताना ओळख पटविणे आवश्यक ठरते.

काजरा (कुचला) : याच्या चपट्या, बटनासारख्या बियांत स्ट्रिक्नीन व ब्रुसीन असतात. स्ट्रिक्नीन मज्जारज्जूतील ग्लायसिनचे ग्राही अडविते. स्नायूंना आवर घालणारा संदेश नाहीसा झाल्याने लहानशा स्पर्शाने वा आवाजानेही तीव्र झटके येतात आणि श्वसन थांबून मृत्यू ओढवू शकतो. रुग्ण बहुधा अखेरपर्यंत शुद्धीवर असतो.

धोतरा : उकिरड्यावर व रस्त्याच्या कडेला उगवणारे झुडूप. यात हायोसायमीन, ॲट्रोपीन व स्कोपोलामीन असतात. विषबाधेत तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, नाडी जलद होते, अंग तापते व रुग्ण बरळू लागतो. याच्या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसत असल्याने त्यांची गफलत होऊ शकते. याउलट, ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशकाची बाधा झालेल्या शेतकऱ्यावर उपचार करताना ॲट्रोपीन हेच प्रमुख औषध असते. त्या बाधेत ॲसिटिलकोलीन साचून राहते आणि ॲट्रोपीन त्याचा परिणाम रोखते.

कळलावी : पावसाळ्यात पिवळ्या-तांबड्या ज्वाळांसारखी फुले धरणारी वेल. हिच्या कंदात व बियांत कॉल्चिसीन असते. गाऊट या संधिविकारावर ते अल्प मात्रेत देतात. कंद चुकून खाल्ल्यास प्रथम उलट्या व जुलाब होतात आणि काही दिवसांनी अस्थिमज्जेचे कार्य मंदावते. रताळ्यासारखा किंवा रानकंदासारखा समजून हा कंद खाल्ला जाण्याचा धोका असतो.

सुपारी : रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. सुपारीतील ॲरेकोलीन मज्जासंस्थेला उत्तेजित करते. तंबाखू न घालताही सुपारी चघळणे कर्ककारक आहे, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. तोंड उघडणे कठीण करणाऱ्या ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ या विकाराचेही सुपारी हे प्रमुख कारण आहे.

महाराष्ट्राशी संबंधित संशोधन

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधेचे मूळ देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. त्यामुळे या वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. डॉ. वकील यांना १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिनामुळे काही रुग्णांत नैराश्य येत असल्याचे आढळल्यावर त्याचा वापर पुढे कमी झाला.

नंदुरबार येथे १९२५ साली जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासह एका चिनी वृक्षातून कॅम्पटोथेसीन हे अल्कलॉइड शोधून १९६६ साली त्याची संरचना प्रसिद्ध केली. पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएचा पीळ सोडविणाऱ्या विकराला ते अडविते. त्यापासून बनविलेली टोपोटेकान व आयरिनोटेकान ही औषधे कर्करोगावर वापरली जातात. १९७२ साली हेच अल्कलॉइड पश्चिम घाटातील नरक्या या वृक्षातही सापडले. औषध साल व मुळांत असल्याने ते मिळविण्यासाठी झाड तोडले किंवा उपटले जाते. जागतिक मागणीमुळे सह्याद्रीत नरक्याची बेकायदा तोड झाली असून त्याचे संवर्धन हा गंभीर प्रश्न बनला आहे.

शोधन व कायदा

पनवेल हे आयुर्वेदीय औषधनिर्मितीचे जुने केंद्र आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली येथे श्री धूतपापेश्वर हा कारखाना स्थापन केला. आयुर्वेदात विषारी द्रव्ये वापरण्यापूर्वी त्यांचे ‘शोधन’ करण्यास सांगितले आहे. उदाहरणार्थ, काजऱ्याच्या बिया गोमूत्रात भिजवून, दुधात शिजवून किंवा तुपात तळून घेतात. शोधनाने अल्कलॉइडांचे प्रमाण घटते, तथापि ती पूर्णपणे नाहीशी होत नाहीत. भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये काजरा, धोतरा, कळलावी, बचनाग, अफू इत्यादी विषारी द्रव्यांचा समावेश आहे. ती असलेल्या आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर, ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना छापणे बंधनकारक आहे.

विषबाधा

वनस्पतिविषबाधेचा संशय असल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णाला तात्काळ रुग्णालयात न्यावे. उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. खाल्लेल्या पानाचा, बीचा किंवा कंदाचा उरलेला तुकडा सोबत नेल्यास निदान लवकर होते. धोतऱ्याच्या बाधेवर फायसोस्टिग्मीन हा उतारा आहे आणि तेही एका आफ्रिकी शेंगवेलीच्या बियांत सापडणारे अल्कलॉइडच आहे. कळलावीच्या बाधेवर मात्र सर्वत्र उपलब्ध असा विशिष्ट उतारा नाही. अशा रुग्णाला बरे वाटू लागले, तरी अस्थिमज्जेवरील परिणाम उशिरा दिसत असल्याने त्याला काही दिवस वैद्यकीय देखरेखीखाली ठेवावे लागते.