धनिणीच्या बागेपासून ग्रंथालयापर्यंत

‘करिअर स्किल्स’ हा शब्द आमच्या वेळी नव्हता, ‘कमवा आणि शिका’ होतं. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह. गांधीजींनी 1927 मध्ये त्याला शाहूमहाराजांचं नाव दिलं. धनिणीच्या बागेतल्या या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकाच पंगतीत जेवायची. पाणी, लाकूडफाटा, शेतीची कामंही तीच करायची. पोरांचं पोट भरावं म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. योजनेचा गौरव करताना वक्ते हे एका वाक्यात उरकतात. ते मला कायम खटकतं.

1947 मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं आणि कामाच्या मोबदल्यात शिक्षण पदवीपर्यंत पोचलं. पुढे मीही त्याच वाटेने शिकलो. मला ग्रंथालयातलं काम मिळालं. नव्या पुस्तकाची दाखल नोंदवहीत नोंद करायची, पानांवर शिक्के मारायचे, फाटलेल्या पाठीला खळ लावून कापडी पट्टी चिकटवायची. शिक्का मजकुरावर पडला की ग्रंथपाल नुसते चष्म्यावरून बघायचे.

बागकाम करणारी पोरं आम्हाला ‘सावलीतले साहेब’ म्हणायची. खरंच होतं ते, त्यांचे हात सोलवटायचे. पण लेजर बिनचूक ठेवायला, उशिरा पुस्तक आणणाऱ्या प्राध्यापकाकडे न अडखळता दंड मागायला मी तिथेच शिकलो. पुढे बँकेत थकबाकीदारांच्या दारात उभं राहताना तेवढं भांडवल पुरलं.