प्रस्तरारोहणातील कौशल्याचे मोजमाप

कड्याचा माथा गाठला, एवढ्यावरून प्रस्तरारोहकाचे कौशल्य ठरत नाही. त्यासाठी किती अनावश्यक हालचाल झाली, हेही पाहावे लागते. व्यर्थ हालचालींनी हातांचे स्नायू थकतात आणि पकड सुटते.

हे मोजण्यासाठी १९९० च्या दशकात फ्रेंच संशोधकांनी भूमितीय एन्ट्रॉपी ही संकल्पना वापरली. आरोहकाच्या कमरेवर खूण लावून चढाईचे चित्रण करतात. कमरेने आक्रमिलेल्या मार्गाच्या लांबीची दुप्पट करून तिला, त्या मार्गाभोवती ताणून गुंडाळलेल्या काल्पनिक दोरीच्या लांबीने भागतात. भागाकाराचा नैसर्गिक लॉगरिदम म्हणजे एन्ट्रॉपी. सरळ रेषेसाठी ती शून्य येते. दोरी ३६ मीटर असता २० मीटर मार्गाची एन्ट्रॉपी सुमारे ०.११, तर ३० मीटर मार्गाची ०.५१ भरते. कुशल आरोहकांत हा आकडा कमी आढळतो. सरावानेही तो घटतो. मात्र तुलना एकाच मार्गावरील चढायांची व्हावी. शिवाय या सूत्रात वेळेचा विचार नसल्याने थांबण्याचा काळ स्वतंत्रपणे मोजावा लागतो.

कर्नाटकातील नामांकित प्रस्तरारोहण बदामीच्या वालुकाश्मावर चालते. बीदरचे पठार सच्छिद्र जांभ्या दगडाचे, तर कलबुर्गी जिल्ह्याची ओळख शहाबादी फरशीच्या चुनखडकाची. दोन्ही शहरांतील बहमनी किल्ले संरक्षित स्मारके असल्याने त्यांचे तट सरावासाठी वर्ज्य होत. अशा सीमाभागातील युवकांना कृत्रिम भिंत लाभल्यास, तिच्यासमोर स्थिर ठेवलेला मोबाइल कॅमेराही प्रगती पडताळण्यास पुरेसा ठरेल.