उघड शस्त्रवहन : अमेरिकेतील दुकाने व उपाहारगृहे

पिस्तूल कमरेला किंवा रायफल खांद्याला, सर्वांना दिसेल अशी लावून दुकानात वा उपाहारगृहात जाण्याची अमेरिकेतील प्रथा. तिला तेथे ‘ओपन कॅरी’ म्हणतात. याविषयीचे कायदे राज्यागणिक बदलतात. मात्र खासगी जागेचा मालक शस्त्रधारी ग्राहकाला सहसा प्रवेश नाकारू शकतो. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीचे बंधन सरकारवर आहे, दुकानदारावर नाही. म्हणून हा वाद विधिमंडळांइतकाच दुकानांच्या दारात लढला गेला.

इतिहास : ‘ब्लॅक पँथर’ या कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या सशस्त्र गस्तींनंतर कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये भरलेली बंदूक सार्वजनिक जागी बाळगण्यास मनाई केली.

स्टारबक्स प्रकरण : २०१० च्या सुमारास कॅलिफोर्नियात बंदूकधारकांचे गट, या मनाईमुळे रिकामी, पिस्तुले कमरेला लावून कॉफीगृहांत जमू लागले. पीट्स कॉफीने त्यांना मज्जाव केला. स्टारबक्सने मात्र स्थानिक कायद्याप्रमाणे वागू, असे सांगितले. २०१२ मध्ये विरोधकांनी बहिष्कार पुकारला, तेव्हा समर्थक मुद्दाम दोन डॉलरच्या नोटा देऊन कॉफी घेऊ लागले. दोनचा आकडा ही दुसऱ्या दुरुस्तीची खूण. ऑगस्ट २०१३ मध्ये समर्थकांनी कंपनीच्या कौतुकाचा दिवस ठरवला. त्या दिवशी न्यूटाउनमधील शाखा लवकर बंद करण्यात आली. त्याच गावातील सँडी हुक शाळेत आठ महिन्यांपूर्वी २० मुले व ६ प्रौढ मारले गेले होते. सप्टेंबरमध्ये कंपनीचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी जाहीर पत्र लिहून शस्त्रे आणू नयेत, अशी विनंती केली. बंदी घातली नाही, कारण ती घातल्यास सशस्त्र ग्राहकाला अडवण्याचे काम कर्मचाऱ्यांच्या गळ्यात पडले असते. या कर्मचाऱ्यांच्या जिवाचा विचार येथे उघडपणे झाला, आणि या पत्राचे महत्त्व त्यातच आहे.

२०१४ मध्ये चिपोटले ही उपाहारगृहांची साखळी व टार्गेट ही दुकानांची साखळी यांनीही अशीच विनंती केली.

टेक्सासची पाटी : परवानाधारकांना पिस्तूल उघडपणे बाळगण्याची मुभा टेक्सासमध्ये १ जानेवारी २०१६ पासून मिळाली. ती नको असलेल्या दुकानदाराला ‘३०.०७’ या कलमाची पाटी लावता येते. मजकूर इंग्रजी व स्पॅनिश दोन्ही भाषांत, अक्षरे किमान एक इंच उंच, रंग पार्श्वभूमीवर उठून दिसणारा आणि पाटी प्रत्येक प्रवेशद्वाराशी हवी. लपवून नेलेल्या पिस्तुलासाठी ‘३०.०६’ ही वेगळी पाटी.

लोकमत : २०१५ च्या एका राष्ट्रीय पाहणीत विचारलेल्या कोणत्याही सार्वजनिक ठिकाणी बंदूक बाळगण्यास एक तृतीयांशाहून कमी प्रौढांचा पाठिंबा आढळला. मद्यगृहांबाबत तो १८ टक्के होता.

वॉलमार्ट : ३ ऑगस्ट २०१९ रोजी टेक्सासमधील एल पासो येथील वॉलमार्टच्या शाखेत झालेल्या गोळीबारात २३ जणांचा बळी गेला. महिनाभराने कंपनीने ग्राहकांना शस्त्रे उघडपणे आणू नयेत, अशी विनंती केली. क्रोगर, सीव्हीएस व वॉलग्रीन्स या दुकान-साखळ्यांनी तिचेच अनुकरण केले. परवानाधारकाने कपड्यांआड बाळगलेल्या पिस्तुलाला वॉलमार्टची ही विनंती लागू नव्हती.