चिमणराव कुठे बसून पाहिलात? एका मालिकेच्या आठवणींची उलटतपासणी

आळेफाट्यावर इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की शिवनेरी, नाणेघाट नाहीतर लेण्याद्री, असं धरूनच माणसं येतात. आज तसं नाही. आज आपण मुंबई दूरदर्शनच्या 'चिमणराव' या मालिकेबद्दल बोलणार आहोत, आणि त्याहून जास्त तिच्या चाहत्यांमध्ये रंगणाऱ्या वादांबद्दल. पहिला चिमणराव कोण? सिनेमा आधी की मालिका? मालिका रंगीत होती का? चार जुने प्रेक्षक एकत्र बसले की हे प्रश्न निघतात आणि चहा थंड होतो.

हे वाद आपण करमणूक म्हणून सोडून देतो. पण या मालिकेचे मोजकेच भाग आज पाहायला मिळतात. बाकीची मालिका फक्त माणसांच्या डोक्यात शिल्लक आहे, आणि तेव्हाची शाळकरी पोरं आता साठीला टेकली आहेत. इतिहासाच्या माणसाला याची काळजी वाटायला हवी.

आधी मूळ माहिती. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी चिं. वि. जोशी यांची. एक किरकोळ, भिडस्त, सतत अडचणीत सापडणारा; दुसरा दांडगा, अडचण सोडवायला जाऊन ती दुप्पट करणारा. चिं. वि. जन्मले १८९२ साली पुण्यात, आणि वारले १९६३ साली. म्हणजे आपला चिमणराव छोट्या पडद्यावर आलेला त्यांनी पाहिलाच नाही. माणूस पाली भाषेचा पंडित, बडोद्याला पालीचा प्राध्यापक. पुढे त्याच संस्थानात ते राजदफ्तरदार झाले. जुने कागद जपणं, लावणं, सापडतील असे ठेवणं हेच त्यांचं काम. ज्यानं संस्थानाचं दफ्तर सांभाळलं त्याच्या चिमणरावाचं दफ्तर मात्र कुणी धड सांभाळलं नाही. चिं. विं.ना स्वतःला यावर एक झकास गोष्ट सुचली असती.

आता पहिला वाद. पहिला चिमणराव कोण, असं विचारलं की बहुतेक जण दिलीप प्रभावळकर म्हणतात. छोट्या पडद्यापुरतं ते खरं आहे. प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ, आणि काऊ म्हणजे स्मिता पावसकर. पण पडद्यावरचा पहिला चिमणराव याच्या बराच आधी येऊन गेला होता. १९४० साली मास्टर विनायकांनी 'लग्न पहावे करून' हा बोलपट काढला. नाव आपल्या म्हणीतलंच, घर पहावं बांधून मधलं. त्यात चिमणराव झाले दामुअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग. दामुअण्णांचे ते तिरळे डोळे जुन्या लोकांना अजून आठवतात. १९४२ साली याच कंपनीनं, म्हणजे नवयुगनं, 'सरकारी पाहुणे' आणला, तोही चिं. विं.च्याच लेखनावरचा आणि विनायकांचाच. त्याच वर्षी नवयुगची 'पहिली मंगळागौर' आली, ज्यात लहानग्या लताबाई होत्या. तिचे दिग्दर्शक आर. एस. जुन्नरकर. आडनाव ऐकून आपल्याकडे माना वर होतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. त्यापुढे आम्ही काही दावा करत नाही.

सिनेमा आधी की मालिका, या वादात दोन्ही बाजू बरोबर निघतात, गंमत ती आहे. चाळीस सालचा सिनेमा आधीचा. मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मालिका. आणि ती गाजल्यावर, १९७९ मध्ये, प्रभावळकर-कर्वे याच जोडीचा 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपट. एक जण दामुअण्णांच्या सिनेमाबद्दल बोलत असतो, दुसरा एकोणऐंशीच्या, आणि दोघंही एकमेकांना खोटं ठरवत असतात. वय विचारलं तरी निम्मा वाद मिटतो. चाळीसचा बोलपट ज्यानं जाणत्या वयात पाहिला, तो मालिकेच्या वेळी पन्नाशी-साठीत असणार.

रंगाचा वाद आणखी सोपा. भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं १९८२ साली, एशियाडच्या वर्षी. मालिका त्याआधीची, म्हणजे कृष्णधवलच. तरीही कुणी छातीठोकपणे सांगतो, काऊची साडी हिरवी होती. तो माणूस खोटं बोलत नसतो. डोकं आपल्या पदरचे रंग भरतं, एवढंच. पण अशा साक्षीदाराच्या बाकीच्या आठवणी आपण जरा जपून घ्यायच्या.

मग येतो आमचा आवडता प्रश्न. आपल्या भागात कुणी म्हणालं की आम्ही चिमणराव दर आठवड्याला पाहायचो, तर आम्ही विचारतो: कुठे बसून?

हा प्रश्न खवचट वाटेल, पण त्यामागे भूगोल आहे. मुंबईचं केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी सिंहगडावरचा प्रक्षेपक उभा राहिला आणि पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. टीव्हीच्या त्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की संपलं. आळेफाट्यापासून मुंबईकडे पाहिलं तर मध्ये सह्याद्रीची भिंत. सिंहगड सरळ रेषेत नव्वद किलोमीटरच्या वर, तोही डोंगरांपलीकडे. उंच खांबावर अँटेना चढवून, कुणीतरी गच्चीवर ती फिरवत, खाली कुणीतरी 'आलं, आलं, गेलं' असं ओरडत, काहीतरी मुंग्या-मुंग्यांचं चित्र एखाद्या रात्री मिळालंही असेल. दर आठवड्याला घरबसल्या? अवघड आहे. छोटे प्रक्षेपक गावोगाव यायला लागले ते १९८४ च्या सुमारास, आणि तोवर 'हम लोग'चा जमाना आला होता.

आपल्या शेजारच्या खोडदला पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जी महाकाय दुर्बीण आहे, ती इथे येण्यामागे एक कारण हेच, की हा भाग रेडिओच्या गोंगाटापासून बराच शांत. आकाशातल्या क्षीण लहरी ऐकणाऱ्यांना जी शांतता हवी होती, तीच चिमणरावाच्या प्रेक्षकाला नडली.

मग ही मंडळी खोटं सांगतात का? नाही. थोडं खोदलं की उत्तर येतं: 'परळला मामाकडे होतो ना.' नाहीतर 'भायखळ्याच्या चाळीत, एकाच खोलीत टीव्ही, सगळा मजला दारात.' जुन्नर-आंबेगावचं प्रत्येक दुसरं घर तेव्हा अर्धं मुंबईत होतं. कुणी डबेवाला, कुणी भाजीबाजारात, कुणी गिरणीत. कल्याणहून माळशेज चढून येणारी एसटी याच फाट्यावर माणसं उतरवायची, आणि त्यांच्याबरोबर गोष्टीही उतरायच्या. सुट्टीला आलेला पोरगा चिमणरावाची नक्कल करून दाखवायचा, आणि ज्यानं मालिका कधी पाहिलीच नाही त्यालाही ती पाहिल्यासारखी वाटायची. आमच्या मते आळेफाट्यापुरता चिमणरावाचा इतिहास हाच आहे: मुंबईत पाहिलेला, एसटीतून आलेला, तोंडी पोहोचलेला. ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आळ्याला आहे. तोंडी गोष्ट किती टिकते हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता मालिका हरवल्या का, याबद्दल. व्हिडिओ टेप त्या काळी महाग होती, आणि जुन्या कार्यक्रमावर नवा चढवणं ही जगभरची रीत होती. त्यात आपलीच काही विशेष नालायकी नव्हती. बीबीसीनं 'डॅड्स आर्मी'सारख्या लाडक्या विनोदी मालिकेचेही भाग असेच घालवले; तीन भाग अजून मिळालेले नाहीत. 'डॉक्टर हू'चे पुष्कळ भाग गेले, पण त्यांतल्या प्रत्येकाचा आवाज शिल्लक आहे. का? कारण घरी बसलेल्या चाहत्यांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवून घेतला होता. तेव्हा लोक त्यांना वेडे म्हणत असतील. आज त्याच ध्वनिफितींवर सगळं काम चालतं.

चाहत्यांच्या बारीकसारीक माहितीला आम्ही मान देतो तो यासाठी. तीच माणसं जोड लावतात. चिमणरावाचा प्रभावळकर पुढे 'झपाटलेला'मध्ये तात्या विंचू झाला, 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधी झाला, आणि मधल्या काळात, २००१ पासून, अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मध्ये आबा. टिपरे तर त्यांच्याच 'अनुदिनी'वरून आलेले. मध्यमवर्गीय घर, साधी अडचण, शेवटी कुणाचंच फार वाईट होत नाही. चिमणरावाच्या घरातून टिपऱ्यांच्या घरात यायला फारसं चालावं लागत नाही, हे एखाद्या समीक्षकाच्या आधी चाहत्यानं सांगितलं असणार.

पण जोड लावणं वेगळं आणि पुरावा वेगळा. पुरावा कुठे मिळेल ते सांगतो आणि थांबतो. त्या काळी वर्तमानपत्रं रोजचे दूरदर्शनचे कार्यक्रम छापत. मोठ्या ग्रंथालयांत त्यांच्या बांधीव फायली असतात. कोणत्या तारखेला, किती वाजता, हे तिथे सापडू शकतं. टीव्ही ठेवायला तेव्हा पोस्टात पैसे भरून लायसन काढावं लागे. ती लायसनची पुस्तिका कुणाच्या ट्रंकेत असेल तर त्या घरात टीव्ही कधी होता याची तारीखच मिळाली. आणि ज्यांच्याकडे त्या वेळचा कॅसेट रेकॉर्डर होता त्यांनी माळ्यावर एकदा बघावं. वर भजनाचं लेबल असेल, तरी दुसरी बाजू ऐकल्याशिवाय टाकू नका. मुंबईतल्या आत्या-मामांनाही हेच सांगा, कारण जे काही सापडायचं ते इथल्यापेक्षा तिथेच जास्त सापडेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ. हिरव्या साडीबद्दल कुणाला बोलायचं असेल तर त्यांनी आधी बोलावं.