बाप्तिस्मा झाला, नाव राहिले

अमरावतीच्या पश्चिमेची भातकुली म्हणजे जुने भोजकट, असे अभ्यासक मानतात. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक ताम्रपटात भोजकट राज्य येते. त्याआधीची हकीकत पुराणातली. कृष्णाला मारून रुक्मिणीला परत आणल्याशिवाय राजधानी कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी शपथ तिचा भाऊ रुक्मी याने घेतली. तो हरला आणि भोजकट वसवून तिथेच राहिला. शपथ पाळली, पण रुक्मी बदलला नाही. पुढे द्यूताच्या डावात बलरामाची हेटाळणी करताना त्याच्याच हातून मेला.

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’चा 15वा अध्याय वाचताना मला हा रुक्मी आठवला आणि बाप्तिस्म्यानंतरही जुने नाव ठेवण्याच्या, मराठी ख्रिस्ती समाजातल्या एका रीतीचे मूळ हाती लागल्यासारखे वाटले. तिथे देव अब्रामाशी करार करतो. जनावरे दुभागून मांडायची आणि वचन देणाऱ्याने मधून चालत जायचे, अशी कराराची जुनी पद्धत होती. मोडले तर माझेही असेच होवो! अब्राम मात्र झोपलेला आहे. तुकड्यांमधून धूर आणि आग जाते, म्हणजे देव एकटाच स्वतःला बांधून घेतो. रुक्मीची शपथ त्याच्याच बळावर उभी होती. इथे माणसाला आधी वचन मिळते, मग तो बदलतो. 17व्या अध्यायात अब्रामाचा अब्राहाम होतो.

या हिशेबाने बाप्तिस्म्याबरोबर नाव बदलायला हवे. पोर्तुगीज अमलात गोव्यात, वसईत ते बदललेही. पण 1854 मध्ये बेळगावी बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी तेच राहिले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळकही तेच. 1848 मध्ये नीलकंठशास्त्री गोऱ्ह्यांच्या नावामागे ‘नेहेम्या’ लागले, तरी नीलकंठ गेला नाही. असे का?

कोणी म्हणेल, वारसाहक्कासाठी. पण पदमनजी आणि टिळक यांच्या वेळी धर्मांतराने वारसा बुडू नये यासाठी 1850 चा कायदा होताच. नाव टिकवण्याची अट त्यात नव्हती. कोणी म्हणेल, त्यांच्या प्रोटेस्टंट पंथांत संतांची नावे देण्याची प्रथाच नव्हती. हे जास्त वजनदार आहे, पण त्यातून मिशनऱ्यांचे वागणे कळते, बाप्तिस्मा घेणाऱ्याचे मन नाही.

माझ्या मते याचे उत्तर प्रेषित पौलाकडे आहे. दिमिष्काच्या वाटेवर येशूचे दर्शन होऊन शौलाचा पौल झाला, असे सर्रास सांगतात. ‘प्रेषितांची कृत्ये’ तसे सांगत नाहीत. दर्शनानंतर दिमिष्कातला शिष्य हनन्या त्याला शौल म्हणूनच हाक मारतो. पौल हे नाव 13व्या अध्यायात, कुप्र बेटावर येते, तेही ‘त्याला असेही म्हणत’ अशा थाटात. छळ करणारा प्रेषित झाला तो जुन्याच नावाने! बदल हृदयात व्हायचा, नावात नाही: नव्या करारात माझा नियम हृदयावर लिहीन, असे देवाने संदेष्टा यिर्मयाच्या तोंडून सांगितलेच होते. शास्त्र बारकाईने वाचणाऱ्या या मराठी मंडळींच्या नजरेतून पौलाची ही गोष्ट सुटली असेल, हे मला पटत नाही.

टिळकांनी तर 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. दोन वर्षांनी ते गेले. त्यांचे अपुरे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. 1900 मध्ये बाप्तिस्मा घेऊनही त्या लक्ष्मीबाईच होत्या.