यादी, संहिता आणि नाव : मतदानविषयक नियमांचा तौलनिक विचार

मतदानाची टक्केवारी ही बहुधा मतदारांच्या उत्साहाची वा उदासीनतेची निदर्शक मानली जाते. परंतु मतदार केंद्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच नियमांनी एक निवड केलेली असते. यादीत नाव येण्यासाठी काय वाचून दाखवावे लागेल, किती कर भरावा लागेल, स्वतःची ओळख कोणत्या शब्दांत सांगावी लागेल, हे ठरविणारे नियम मतदानाच्या प्रमाणावर आधीच परिणाम घडवीत असतात. या नियमांचा वाचनाशी व नामनिर्देशाशी असलेला संबंध अमेरिकेतील दक्षिणी राज्ये आणि भारतातील पहिली सार्वत्रिक निवडणूक यांचा इतिहास शेजारी ठेवून पाहिला असता विशेष स्पष्ट होतो.

अमेरिकेच्या राज्यघटनेतील १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंश वा वर्ण यांच्या आधारे मताधिकार नाकारण्यास मनाई केली; मतदाराची पात्रता ठरविण्याचा अधिकार मात्र मुख्यतः घटक राज्यांकडेच राहिला. मिसिसिपी राज्याने १८९० च्या आपल्या घटनेत वर्णाचा उल्लेखही न करता दोन डॉलरचा मतदान-कर बसविला. शिवाय राज्यघटनेचे कोणतेही कलम वाचता यावे, अथवा वाचून दाखविल्यास समजावे किंवा त्याचा वाजवी अर्थ सांगता यावा, अशी अट घातली. कोणते कलम पुढे ठेवायचे आणि कोणता अर्थ वाजवी मानायचा, हे नोंदणी अधिकारी ठरवी. अर्थनिर्णयन हा येथे ज्ञानाचा व्यवहार न राहता वगळण्याचे साधन झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये या तरतुदी ग्राह्य ठरविल्या.

त्याच वर्षी लुइझियानाने साक्षरता व मालमत्तेच्या अटींतून एक पळवाट काढली. १ जानेवारी १८६७ पूर्वी ज्यांना, ज्यांच्या वडिलांना वा आजोबांना मताधिकार होता, त्यांना या अटींतून सूट मिळाली. गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्यांच्या वंशजांना अशी परंपरा असणे शक्यच नव्हते. त्या राज्यात १८९६ मध्ये नोंदलेल्या कृष्णवर्णीय मतदारांची संख्या १,३०,३३४ होती. १९०४ मध्ये ती १,३४२ वर आली. मतदान-कराचा फटका गरीब गोऱ्यांनाही बसला आणि दक्षिणेतील एकूण मतदानच आक्रसले. उलट, १९६५ च्या मताधिकार कायद्याने साक्षरतेच्या कसोट्या स्थगित करून संघराज्याची देखरेख आणली, तेव्हा मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांची नोंदणी दोनच वर्षांत सुमारे ७ टक्क्यांवरून जवळजवळ ६० टक्क्यांवर गेली. एवढ्या अल्पावधीत लोकांची राजकीय जाणीव मुळातून पालटली, असे म्हणता येणार नाही. बदलले होते ते नियम.

भारतात हा प्रश्न अगोदरच चर्चिला गेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२९ मध्ये मुंबई प्रांताच्या राज्यव्यवस्थेसंबंधी सादर केलेल्या स्वतंत्र अहवालात प्रौढ मताधिकाराचा पुरस्कार केला आणि निरक्षर म्हणजे निर्बुद्ध हे समीकरण नाकारले. तरीही १९३५ च्या कायद्याने मालमत्ता, कर, शिक्षण यांच्या अटी कायम ठेवल्या. त्या प्रांतागणिक भिन्न होत्या. पात्र पुरुषाची पत्नी वा विधवा या नात्यानेही काही स्त्रियांना त्यात मताधिकार मिळाला.

स्वतंत्र भारताने राज्यघटनेच्या कलम ३२६ द्वारे या अटी रद्द केल्या. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती. म्हणून १९५१-५२ च्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावले गेले. मिसिसिपीत मतदाराने राज्याची संहिता वाचावी अशी अपेक्षा होती. येथे मतदाराला वाचता येईल अशी चिन्हलिपी राज्यानेच सिद्ध केली.

मात्र मतदारयादी ही अक्षरांचीच राहिली. उत्तर व मध्य भारतातील अनेक स्त्रियांनी परक्या पुरुषाला स्वतःचे नाव सांगण्याऐवजी ‘अमक्याची आई’ वा ‘तमक्याची पत्नी’ अशी ओळख दिली. मराठी परंपरेत पतीचे नाव घेण्याचा संकोच उखाण्याने सोडविला. येथे संकोच स्वतःच्याच नावाचा होता आणि त्यावर असा कोणताही उपाय हाताशी नव्हता. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी सुधारण्यास सांगितले. बिहारला त्यासाठी मुदतवाढही मिळाली. तरीही सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांची नावे वगळावी लागली. ही वगळणूक प्रामुख्याने बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेश येथे झाली. अवघ्या दीड दशकापूर्वी ज्या नात्याच्या आधारे काही स्त्रियांना मत मिळाले होते, त्याच नात्याने ओळख सांगितल्यामुळे आता ते गेले.

या दोन घटनांना एकाच मापाने मोजता येणार नाही. मिसिसिपीचा नियम वगळण्यासाठीच रचलेला होता. भारतातील नियमामागे स्त्रीला स्वतंत्र नागरिक म्हणून नोंदविण्याचा आग्रह होता आणि झालेल्या टीकेमुळे पुढील निवडणुकीपर्यंत हा संकोच मावळेल, अशी सेन यांची अपेक्षा होती. साम्य आहे ते परिणाम दृष्टिआड होण्यात. १९५१-५२ मध्ये सुमारे ४५ टक्के मतदान झाले, असे सांगितले जाते तेव्हा ते प्रमाण यादीतील नावांवर काढलेले असते. त्या २८ लाख स्त्रिया मतदान करणाऱ्यांत नाहीत आणि न करणाऱ्यांतही नाहीत. १९६२ मध्ये पुरुषांचे मतदान सुमारे ६३ टक्के व स्त्रियांचे सुमारे ४७ टक्के होते. २०१९ मध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित अधिक झाले. हा प्रवास लक्षणीय आहे. पण त्याचे मूल्यमापन करताना टक्केवारीबरोबर प्रत्येक वेळची यादी आणि तिचे नियमही वाचावे लागतात.