एक्सायटेड डिलिरियम

एक्सायटेड डिलिरियम : कमालीचा क्षोभ, असंबद्ध बडबड, अंग भाजेल इतका ताप, भरपूर घाम, वेदनेची बोथट झालेली जाणीव आणि झटापटीनंतर एकाएकी ओढवणारा मृत्यू यांना मिळून अमेरिकेतील काही न्यायवैद्यकतज्ज्ञांनी दिलेले वादग्रस्त नाव. पोलिसांच्या ताब्यातील मृत्यूंचे कारण म्हणून ते 1980 नंतर चार दशके वापरले गेले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या मनोविकार-वर्गीकरणात त्याला स्वतंत्र निदान म्हणून कधीही स्थान मिळाले नाही. 2023 अखेर अमेरिकेतील प्रमुख वैद्यकीय संघटनांनी त्याचा त्याग केला.

स्वरूप : डिलिरियम ही वैद्यकशास्त्रात निर्विवाद मान्य असलेली अवस्था आहे. तीव्र संसर्ग, रक्तातील साखर घटणे, मद्य अचानक तोडणे किंवा मादक द्रव्यांची विषबाधा यांमुळे मेंदूचे कार्य बिघडते आणि रोगी भ्रमिष्टासारखा वागतो. तापात माणूस वातात बडबडतो तो यातलाच प्रकार. वाद आहे तो या अवस्थेतून आपोआप मृत्यू ओढवतो या दाव्याचा. त्याला दुजोरा देणारी रक्तचाचणी नाही, शवविच्छेदनात दिसणारी ठरावीक खूणही नाही. निदान मुख्यतः झटापटीच्या वर्णनावरून केले जाई आणि ते वर्णन बहुधा झटापट करणाऱ्या पोलिसांचेच असे. ‘अमानवी बळ’ हे त्यातील नेहमीचे लक्षण.

पूर्वेतिहास : मॅसॅच्युसेट्स राज्यातील मॅक्लीन मनोरुग्णालयाचे प्रमुख ल्यूथर बेल यांनी 1849 मध्ये तीव्र उन्माद व ज्वर असलेल्या रोग्यांचे वर्णन केले. त्यांतील बहुतेक दगावले होते. पुढे हा आजार ‘बेलचा उन्माद’ म्हणून ओळखला गेला. एक्सायटेड डिलिरियमचे समर्थक आपली परंपरा तेथपर्यंत नेतात. मात्र बेल यांचे रोगी अनेक दिवस किंवा आठवडे आजारी असत, तर कोठडीतील मृत्यू काही मिनिटांत घडतात.

मायामीतील उगम : आधुनिक संकल्पना मायामीचे वैद्यकीय परीक्षक चार्ल्स वेटली आणि मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड फिशबेन यांनी 1985 मध्ये मांडली. कोकेन घेणाऱ्या सात जणांच्या आकस्मिक मृत्यूंवर त्यांचा निबंध आधारलेला होता. त्यांपैकी पाच जण पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावले होते. त्याच सुमारास मायामीत कृष्णवर्णीय स्त्रियांचे मृतदेह एकामागून एक सापडू लागले. कोकेन आणि लैंगिक संबंध यांच्या संयोगाने हे मृत्यू झाले, असे वेटली यांचे म्हणणे होते. चौदा वर्षांच्या एका मुलीच्या शरीरात कोकेन आढळले नाही, तेव्हा शंका बळावली. मुख्य वैद्यकीय परीक्षक जोसेफ डेव्हिस यांनी जुनी प्रकरणे पुन्हा तपासली आणि गळा दाबल्याच्या, गुदमरल्याच्या खुणा आढळल्या. त्या स्त्रियांचा खून झाला होता. तरीही पुरुषांच्या बाबतीतला सिद्धांत टिकून राहिला.

प्रसार : व्हिन्सेंट आणि थेरेसा डी मायो यांच्या ग्रंथाने या नावाला विद्वन्मान्यता मिळवून दिली. विजेचा झटका देणारी टेझर ही शस्त्रे बनवणाऱ्या कंपनीने संकल्पनेचा हिरिरीने पुरस्कार केला, कारण मृत्यूचे खापर झटक्याऐवजी या अवस्थेवर फुटत असे. 2009 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स या तातडीच्या उपचारांतील डॉक्टरांच्या संघटनेने अनुकूल श्वेतपत्रिका काढली. त्यानंतर हे नाव पोलीस प्रशिक्षणात आणि रुग्णवाहिकांच्या नियमावल्यांत रुजले, आणि केटामाइन टोचून माणसाला शांत करण्याची पद्धत रूढ झाली.

आक्षेप : झटापटीत स्नायूंमध्ये आम्ल साठते आणि ते निस्तरण्यासाठी श्वास जोरजोरात घ्यावा लागतो. अशा वेळी पालथे पाडून पाठीवर भार दिला की छाती पुरेशी फुलत नाही, रक्त अधिक आम्लयुक्त होते आणि हृदय बंद पडू शकते. श्वासासाठीची धडपड पोलिसांना प्रतिकार वाटते आणि भार आणखी वाढतो. बेड्या घातल्यावर माणसाला पोटावरून तत्काळ वळवावे, असे अमेरिकेच्या न्याय खात्याच्या पत्रकात 1995 मध्येच सांगितले होते. नोंदवलेल्या प्रकरणांचा 2020 मध्ये एकत्रित अभ्यास झाला, तेव्हा आक्रमक जखडणुकीशिवाय ही अवस्था प्राणघातक ठरते याला पुरावा आढळला नाही. वांशिक कलही स्पष्ट होता. ओसागी ओबासोगी यांनी तपासलेल्या 2010 ते 2020 मधील अशा 166 मृत्यूंत 43.3 टक्के व्यक्ती कृष्णवर्णीय होत्या. देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे 13 टक्के आहे.

गाजलेली प्रकरणे : ऑगस्ट 2019 मध्ये कोलोरॅडोतील ऑरोरा येथे 23 वर्षांचा इलायजा मॅक्लेन दुकानातून घरी चालला होता. त्याच्यावर कोणत्याही गुन्ह्याचा आरोप नव्हता. पोलिसांनी त्याला अडवून त्याचा गळा आवळला. रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांनी एक्सायटेड डिलिरियम ठरवून त्याला 500 मिलिग्रॅम केटामाइन टोचले. त्याचे वजन सुमारे 65 किलो होते. किलोमागे 5 मिलिग्रॅम या नियमाने मात्रा सव्वातीनशेच्या आसपास हवी होती. हृदय बंद पडून काही दिवसांनी तो मरण पावला. डिसेंबर 2023 मध्ये दोन पॅरामेडिक दोषी ठरले.

25 मे 2020 रोजी मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांची मान गुडघ्याखाली दाबलेली असताना एका पोलिसाने ‘एक्सायटेड डिलिरियम’ची शक्यता बोलून दाखवली होती. तरीही ही दाबणी चालूच राहिली. फ्लॉइड यांच्या मृत्यूच्या खटल्यात डॉ. बिल स्मॉक यांनी लक्षणांची यादी एकेक करून तपासली आणि फ्लॉइड यांच्यात एकही लक्षण नव्हते अशी साक्ष दिली.

सद्यःस्थिती : अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2020 मध्ये आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 2021 मध्ये या निदानाला विरोध नोंदवला. मार्च 2023 मध्ये वैद्यकीय परीक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने, तर ऑक्टोबरमध्ये तातडीच्या डॉक्टरांच्या संघटनेने पाठिंबा काढला. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2024 पासून हे नाव मृत्यूच्या दाखल्यात वा पोलीस अहवालात लिहिता येत नाही. पोलिसाने पाहिलेले वर्तन नोंदवावे, निदान करू नये, अशी कायद्याची भूमिका आहे. मेरीलँडमध्ये कोठडीतील जुन्या 87 मृत्यूंची फेरतपासणी झाली. मे 2025 मधील तिच्या अहवालानुसार, पूर्वी अपघाती, नैसर्गिक किंवा अनिश्चित ठरवलेल्या 36 मृत्यूंचे वर्गीकरण मनुष्यवध असे व्हायला हवे होते. ब्रिटनमध्ये ‘तीव्र वर्तनबिघाड’ अशा अर्थाची संज्ञा वापरात आहे; नाव बदलून तोच सिद्धांत चालू राहील, अशी टीका तिच्यावरही होते.